नवा संगणक, जुना वजनकाटा: कॉम पोर्ट, स्कॅनर आणि लेबल प्रिंटर जुळवायला मदत हवी

हिशेबनीस · सोमवार, सकाळी ११.२०

नमस्कार मंडळी. आमच्या माल पाठवणी विभागातला संगणक गेल्या आठवड्यात बदलला. जुन्यावर विंडोज १० होतं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्यातला प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नव्हता. म्हणून नवं यंत्र घेतलं. कार्यालयांसाठी म्हणून जी मालिका येते त्यातलंच आहे.

त्याला तीन उपकरणं जोडायची आहेत आणि तिन्ही अडली आहेत.

१. इलेक्ट्रॉनिक वजनकाटा. नऊ पिनांची सिरीअल केबल, पुढे यूएसबी कन्व्हर्टर. आमच्या जुन्या प्रोग्रामच्या खिडकीत 'पोर्ट उघडलं' असं येतं, पण वजन शून्यच राहतं. काट्याच्या स्वतःच्या पाटीवर वजन बरोबर दिसतं.

२. बारकोड स्कॅनर. नुसत्या आकड्यांचे कोड कधी बरोबर येतात, पण ज्यात इंग्रजी अक्षरं आहेत ते भलतेच उमटतात.

३. नेटवर्कवरचा लेबल प्रिंटर. शुक्रवारी छापत होता, आज सकाळी ऑफलाइन.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कुठेही पिवळा त्रिकोण नाही. काट्याची केबल मी मागच्या तीन आणि पुढच्या एका सॉकेटमध्ये घालून पाहिली. दोनदा रीस्टार्ट केलं. आता काय बघू?

तारजोड · सोमवार, दुपारी १२.०५

काट्यापासून सुरू करू. तुम्ही लिहिलंय की पोर्ट उघडतं पण वजन येत नाही. फार उपयोगाची खूण दिलीत. त्या क्रमांकाचं पोर्ट संगणकात नसतं, तर प्रोग्रामने चूक दाखवली असती. म्हणजे त्या क्रमांकावर काहीतरी आहे, पण तो तुमचा काटा नाही.

दोन गोष्टी बघून सांगा. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये कॉम पोर्टचा (सिरीअल उपकरण ज्या दाराने संगणकाशी बोलतं त्याचा) कोणता क्रमांक आहे? आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्ट्स' या शीर्षकाखाली काय काय दिसतं? सगळी नावं जशीच्या तशी लिहा.

तोवर केबल आहे त्याच सॉकेटमध्ये राहू द्या. हलवू नका. कारण पुढे सांगतो.

हिशेबनीस · सोमवार, दुपारी १२.४०

प्रोग्राममध्ये कॉम ३ आहे. जुन्या संगणकावरही तोच होता, म्हणून मी हात लावला नाही. यादीतून फक्त १ ते ४ निवडता येतात.

'पोर्ट्स'खाली दोन नावं आहेत: 'इंटेल अ‍ॅक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजी - एसओएल (कॉम ३)' आणि 'यूएसबी-सिरीअल सीएच३४० (कॉम ७)'.

तारजोड · सोमवार, दुपारी १.१०

सापडलं. व्यवसायासाठीच्या संगणकांत हे फार वेळा होतं, घरगुती यंत्रांत सहसा नाही. एसओएल म्हणजे सिरीअल ओव्हर लॅन. दूर बसलेल्या प्रशासकाला नेटवर्कवरून यंत्राचा कन्सोल बघता यावा म्हणून ती सोय असते, आणि ती एक आभासी कॉम पोर्ट तयार करते. बहुतेक वेळा तिला ३ हाच क्रमांक मिळतो. तुमचा प्रोग्राम इमानदारीने कॉम ३ उघडून बसलाय आणि तिथे काट्याची वाट बघतोय. काटा मात्र ७ वर आहे.

आता ७ का? तुमच्या कन्व्हर्टरमधल्या सीएच३४० चिपला सहसा स्वतःचा अनुक्रमांक नसतो. त्यामुळे विंडोज तिला ती कुठल्या सॉकेटमध्ये आहे त्यावरून ओळखतं. सॉकेट बदललं की विंडोजच्या लेखी ते नवं उपकरण, आणि नव्याला नवा क्रमांक. तुम्ही चार सॉकेटं बदललीत: ४, ५, ६, ७. हिशेब जुळतो. अनुक्रमांक असलेल्या चिपचे कन्व्हर्टर मिळतात, त्यांचा क्रमांक त्या संगणकावर सॉकेट बदललं तरी टिकतो.

आता करायचं ते असं. कन्व्हर्टर कायमचा कुठे राहणार ते ठरवा. मागचं सॉकेट घ्या. पुढच्यात कोणीतरी पेन ड्राइव्ह लावायला तुमची केबल काढणारच. तिथे जोडा. मग डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूतून 'शो हिडन डिव्हाइसेस' चालू करा. फिकट रंगात जुन्या नोंदी दिसतील. सीएच३४० च्या फिकट नोंदी तेवढ्या अनइन्स्टॉल करा, ड्रायव्हर पुसू नका. त्यानंतर चालू नोंदीच्या प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड, आणि तिथे क्रमांक ४ द्या. मग प्रोग्राममध्येही ४.

एसओएलला हात लावू नका. तुमच्याकडे कोणी दुरून यंत्रं सांभाळत असेल तर ती त्यांची वाट आहे.

सुसाट · सोमवार, दुपारी १.३५

एवढं कशाला? सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करणारे प्रोग्राम मिळतात. एक टाकून द्या, दहा मिनिटांत सगळं ताजं होतं.

रात्रपाळी · सोमवार, दुपारी १.५०

सुसाट, कृपया हा सल्ला कामाच्या यंत्रासाठी देऊ नका. इथे ड्रायव्हर जुना आहे असं कुठेच दिसत नाही. त्रिकोण नाही, चूक क्रमांक नाही. त्रिकोण असता तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये क्रमांक वाचता आला असता. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, १० म्हणजे उपकरण सुरू होत नाही, ४३ म्हणजे उपकरणाने स्वतःच बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवलं, २२ म्हणजे कोणीतरी ते बंद करून ठेवलंय. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

ते अपडेट करणारे प्रोग्राम चालतं तेही बदलतात, आणि नंतर काय बदललं हे कोणालाच सांगता येत नाही. ड्रायव्हर लागलाच तर यंत्र किंवा उपकरण बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावरून, एका वेळी एक घ्यावा. अडलं तर 'रोल बॅक ड्रायव्हर' त्या एकापुरतं करता येतं.

हिशेबनीस · सोमवार, दुपारी ३.१५

कॉम ४ दिला. फिकट नोंदी खरंच तीन होत्या! आता वजनाच्या चौकटीत शून्य नाही, पण वजनही नाही. चौकोन, प्रश्नचिन्हं आणि मधेच एखादं अक्षर येतं. पुढे गेले की मागे?

तारजोड · सोमवार, दुपारी ३.३०

पुढे गेलात. काट्याचा शब्द संगणकापर्यंत पोचला, आता दोघांचा वेग जुळवायचा राहिलाय. अशी रद्दी अक्षरं बहुतेक वेळा बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवण्याचा वेग, जुळत नसल्याने येतात. काट्याच्या सेटअप मेनूत बघा: २४००, ४८००, ९६०० यांपैकी काहीतरी असेल. शिवाय डेटा बिट ७ की ८, पॅरिटी आहे की नाही, स्टॉप बिट किती, हे चारही दोन्हीकडे सारखे हवेत.

इथे एक नेहमीची फसगत. डिव्हाइस मॅनेजरमध्येही बॉड रेट दिसतो आणि माणूस तिथे बदलत बसतो. ते नुसतं मूळ मूल्य. प्रोग्राम पोर्ट उघडताना स्वतःचे आकडे लावतो आणि तेच चालतात. म्हणून बदल प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये करा.

प्रोग्रामवर विश्वास बसत नसेल तर तो पूर्ण बंद करून पुट्टीसारख्या टर्मिनलमधून (पोर्टवर येणारी अक्षरं जशीच्या तशी दाखवणाऱ्या प्रोग्राममधून) कॉम ४ उघडा आणि काट्यावर वजन ठेवा. बंद करणं गरजेचं आहे, कारण एक कॉम पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतं. टर्मिनलमध्ये ओळीमागून ओळ वजन उमटलं तर काटा, केबल, कन्व्हर्टर, ड्रायव्हर सगळं ठीक आहे असं समजा.

केबलकट्टा · सोमवार, दुपारी ४.०५

तारजोड यांना अनुमोदन. टर्मिनलमध्ये काहीच आलं नाही तर करायची एक चाचणी जोडतो, पुढे कोणी हा धागा वाचेल म्हणून. कन्व्हर्टर काट्यापासून सोडवा. त्याच्या नऊ पिनांच्या तोंडात २ आणि ३ क्रमांकाच्या पिना लहानशा तारेच्या तुकड्याने एकमेकींना जोडा. पिनांचे आकडे प्लास्टिकवर बारीक कोरलेले असतात, टॉर्चच्या उजेडात तिरकं धरलं की वाचता येतात. टर्मिनलमध्ये लोकल एको बंद ठेवा आणि काहीही टाइप करा. एका पिनेतून गेलेलं अक्षर दुसरीतून परत येऊन पडद्यावर दिसलं तर कन्व्हर्टर धडधाकट आहे. मग दोष केबलमध्ये किंवा काट्याकडे शोधायचा.

केबलमध्ये दोष म्हणजे तुटलेलीच असेल असं नाही. काही काट्यांना सरळ केबल लागते, काहींना २ आणि ३ ची अदलाबदल केलेली, म्हणजे नल मोडेम. बाहेरून दोन्ही दिसायला अगदी सारख्या. आमच्याकडे दोन्ही एकाच खोक्यात होत्या आणि त्यात माझा एक अख्खा दिवस गेला. तेव्हापासून अदलाबदल केलेल्या केबलला मी लाल चिकटपट्टी लावतो.

हिशेबनीस · सोमवार, संध्याकाळी ५.१०

काटा २४०० वर होता, प्रोग्राम ९६०० वर! जुन्या संगणकावर कोणीतरी कधीतरी प्रोग्राममध्ये २४०० करून ठेवलं असणार, आणि नव्यावर टाकताना मूळचं ९६०० आलं. बदलताक्षणी वजन आलं. पाच किलोचं प्रमाणित वजन ठेवलं, पडद्यावर ५.०००. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

आता स्कॅनर. आमचे कोड 'केएल' या दोन मोठ्या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतात. त्या जागी 'खथ' येतंय.

रात्रपाळी · सोमवार, संध्याकाळी ५.४०

'खथ' वाचून लगेच कळलं. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून के दाबलं की ख, एल दाबलं की थ. तुमच्या टास्कबारवर भाषा मराठी असणार.

अशा जोडणीत स्कॅनर स्वतःला कीबोर्ड म्हणून सांगतो. तो अक्षरं पाठवतच नाही, कुठली कळ दाबली तेवढं पाठवतो. त्या कळीचं अक्षर कोणतं हे विंडोज निवडलेल्या भाषेवरून ठरवतं. तुम्ही मराठीत पत्र लिहून तशाच स्कॅन करायला गेलात की स्कॅनरही मराठीत लिहू लागतो. कॅप्स लॉकचंही तसंच: तो चालू राहिला तर मोठ्या अक्षरांची लहान होतात आणि प्रोग्रामला कोड सापडत नाही.

मार्ग तीन. सगळ्यात सोपा: विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये प्रत्येक अ‍ॅपच्या खिडकीसाठी वेगळी इनपुट पद्धत ठेवायचा पर्याय आहे, तो चालू करा. मग पत्राच्या खिडकीत मराठी आणि पाठवणीच्या खिडकीत इंग्रजी राहील. दुसरा: काही स्कॅनरमध्ये ऑल्ट कोड पद्धत असते. त्यात तो अक्षर ऑल्ट आणि आकड्यांच्या रूपात पाठवतो, त्यामुळे भाषेचा फरक पडत नाही. जरा हळू चालतो, इतकंच. तिसरा मला सर्वांत आवडतो: स्कॅनर आभासी कॉम पोर्ट म्हणून चालवायचा. तो कीबोर्डच राहत नाही, आणि कर्सर चुकून दुसऱ्या खिडकीत असला तरी कोड भलतीकडे उमटत नाही. पण त्यासाठी प्रोग्रामला पोर्टवरून वाचता यायला हवं.

हे बदल संगणकावर नाही, स्कॅनरवर होतात. त्याच्या पुस्तिकेत सेटिंगचे बारकोड छापलेले असतात, ते स्कॅन करायचे. शेजारचा नको तो स्कॅन होऊ नये म्हणून बाकीचे हाताने झाका. कोडनंतर एंटर पाठवायचं की नाही हेही तिथेच ठरतं. प्रोग्रामऐवजी आधी नोटपॅडमध्ये तपासा.

हिशेबनीस · मंगळवार, सकाळी १०.१०

पहिला मार्ग घेतला, कारण प्रोग्रामला स्कॅनरसाठी पोर्टची सोय नाही. चालतंय. मराठी पत्रं मीच लिहिते, म्हणजे गोंधळ रोज माझ्याच हातून झाला असता.

प्रिंटर आज पुन्हा ऑफलाइन. बंद करून चालू केला, फरक नाही.

केबलकट्टा · मंगळवार, सकाळी १०.४५

रात्री प्रिंटर बंद करता का? मग त्याचा आयपी पत्ता बदलत असावा. प्रिंटरवरून त्याचं कॉन्फिगरेशनचं लेबल छापा. पुष्कळ लेबल प्रिंटरांत फीडचं बटण दाबून धरलं की निघतं. त्यावरचा पत्ता आणि विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीजच्या 'पोर्ट्स' टॅबमधला पत्ता शेजारी धरून बघा.

हिशेबनीस · मंगळवार, सकाळी ११.००

लेबलवर शेवटचा आकडा ३७, विंडोजमध्ये २४.

केबलकट्टा · मंगळवार, सकाळी ११.२५

तेच. राउटर पत्ते ठरावीक मुदतीने वाटतो, मुदत संपली की ते बदलू शकतात. तुमचा संगणक अजूनही २४ चं दार ठोठावतोय. विंडोजमध्ये ३७ लिहून आजचा दिवस निघेल, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. राउटर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना प्रिंटरचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क जोडणीचा स्वतःचा ओळख क्रमांक) द्या आणि त्यासाठी एक आयपी राखून ठेवायला सांगा. मग विंडोजमध्ये स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट त्या पत्त्याचं करा. लेबल प्रिंटर बहुतांशी ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतात, आणि 'रॉ' निवडल्यावर विंडोजही तोच भरतं.

पत्ता बरोबर असूनही ऑफलाइन दिसला तर 'कॉन्फिगर पोर्ट'मध्ये एसएनएमपी स्टेटसची, म्हणजे प्रिंटरला त्याची स्थिती विचारण्याच्या सोयीची, खूण काढून बघा. त्या प्रश्नाला प्रिंटरने उत्तर दिलं नाही तरी विंडोज त्याला ऑफलाइन धरतं.

आणखी दोन बारकावे. 'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर' बंद करा. ते चालू असलं की शेवटी वापरलेला प्रिंटर मुख्य होतो, आणि लेबल कागदाच्या प्रिंटरवर जातं. दुसरं म्हणजे लेबलचा आकार. 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'मध्ये दिलेला आकार फक्त तुमच्या लॉगिनपुरता असतो. यंत्रावर दोघं-तिघं बसत असतील तर प्रिंटर प्रॉपर्टीजच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमधल्या 'प्रिंटिंग डीफॉल्ट्स'मध्ये द्या.

सुसाट · मंगळवार, दुपारी १२.१५

रात्रपाळी, तुमचं पटलं. पण नवं यंत्र आहे तर बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा यंत्राचा मूळ प्रोग्राम, तरी ताजं करून घ्यायला काय हरकत? मी नेहमी आल्या आल्या करतो.

रात्रपाळी · मंगळवार, दुपारी १२.५०

करायला हरकत नाही, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. फक्त त्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन, बघा.

माझा अनुभव सांगतो. एका कार्यालयात मी भर कामाच्या दिवशी दुपारी बायोस अपडेट केलं. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. डिस्क एन्क्रिप्ट झालेली आहे हेच तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. यंत्र ज्यांनी पहिल्यांदा सुरू केलं त्यांच्या खात्यात ती की जपलेली होती, आणि ते प्रवासात. संध्याकाळपर्यंत सहा जण माझ्याकडे बघत बसले होते. की मिळाली, फोनवर सहा-सहा आकडे ऐकत मी भरले, यंत्र उघडलं. ती मिळाली नसती तर त्या डिस्कवरचं काहीही वाचता आलं नसतं.

कारण असं: कुलपाची किल्ली टीपीएम चिपमध्ये असते, आणि यंत्र ओळखीच्या स्थितीत सुरू झालं तरच ती चिप किल्ली देते. बायोस, सिक्युअर बूट किंवा टीपीएमचं सेटिंग बदललं की स्थिती अनोळखी होते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर नव्याने टाकलेल्या यंत्रावर, हार्डवेअर चालत असेल आणि मायक्रोसॉफ्ट किंवा संस्थेच्या खात्याने प्रवेश केला असेल, तर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं.

म्हणून आधी की काढून यंत्राबाहेर ठेवा, बिटलॉकर 'सस्पेंड' करा, मग बायोस. नंतर संरक्षण पुन्हा सुरू झालं का तेही बघा. आणि बायोसमध्ये शिरलाच आहात म्हणून डिस्कचं सेटिंग रेडवरून एएचसीआयवर करू नका. विंडोज दुसऱ्या पद्धतीने टाकलेलं असतं, सुरूच होत नाही.

हिशेबनीस, तुमच्या यंत्राचीही की आजच बघून ठेवा.

हिशेबनीस · बुधवार, दुपारी २.५०

की बघितली. एन्क्रिप्शन चालू होतं, मला कल्पनाच नव्हती. की छापून तिजोरीत ठेवली.

पत्ता राखून घेतला, प्रिंटर नीट आहे. पण आज एक नवंच. जेवणाच्या सुट्टीनंतर परत आले तर काटा पुन्हा गप्प. केबल काढून लावली की चालतो. कालही दुपारीच असं झालं होतं, मी लिहिलं नव्हतं.

तारजोड · बुधवार, दुपारी ३.२०

सुट्टीत यंत्र पडून राहिलं की विंडोज वीज वाचवायला यूएसबी उपकरणं झोपवतं, आणि काही कन्व्हर्टर त्या झोपेतून नीट उठत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब'च्या प्रॉपर्टीज उघडा, 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबमधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देण्याची खूण काढा. हब एकाहून जास्त असतील तर सगळ्यांची. जुन्या कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' दिसलं तर तेही बंद. आणि यंत्र विजेवर असताना स्लीपमध्ये जाण्याची वेळ 'नेव्हर' करा. पडदा काळा झाला तर चालेल.

एक सवयही. अडलं की 'शट डाउन' करून चालू करू नका, 'रीस्टार्ट' करा. फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते, अडलेल्या ड्रायव्हरसकट. रीस्टार्टमध्ये सगळं कोरं सुरू होतं.

हिशेबनीस · सोमवार, सकाळी ११.३०

आठवडा झाला. काटा दुपारी बंद पडलेला नाही, प्रिंटर पाचही दिवस पहिल्या लेबलपासून चालला.

शनिवारी बसून एक कागद केला आणि कपाटाच्या दाराला आतून लावला. काट्याचं सॉकेट, कॉम ४, २४००, डेटा बिट, पॅरिटी. प्रिंटरचा पत्ता आणि लेबलचा आकार. रिकव्हरी की कुठे ठेवली ते. कन्व्हर्टरच्या सॉकेटवर 'काटा, हलवू नये' अशी चिकटपट्टी. रात्रपाळी यांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) सुचवल्याप्रमाणे विंडोजच्या पीएनपीयूटिल या आदेशाने सगळे बाहेरचे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून पेन ड्राइव्हवर घेतले, तीही कागदाशेजारच्या पाकिटात आहे.

जुन्या यंत्राच्या प्रोग्राममध्ये २४०० कोणी केलं होतं तेही कळलं. आमच्याकडून निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्यांनी, नऊ वर्षांपूर्वी. फोनवर विचारलं तर त्यांना आकडा अजून पाठ होता.